भिंतीवरचा सातवा ओरखडा

भिंतीवर पाचवा ओरखडा उमटला, त्या दुपारी सुट्टीची सगळी गंमत संपली.

वरच्या मजल्याची बाहेरची भिंत लाकडी फळ्यांची होती. रोज दुपारी तीनच्या सुमाराला तिच्यावर एक उभा काळा पट्टा उमटायचा, एखाद्या जनावराने तापलेलं नख ओढावं तसा. रंगाला फोड यायचे, जळका वास सुटायचा, आणि पाहावं तर जवळपास चिटपाखरूही नसायचं. खारूताईने बोटं टेकवून मोजलं. भिंतींवर, झाडांवर सरसर चढते म्हणून तिला सगळे खारूताईच म्हणत. प्रत्येक ओरखडा आधीच्या ओरखड्यापासून तीन बोटं उजवीकडे होता. म्हणजे तो पुढे सरकत होता. आणि उजवीकडे खिडकी होती.

खिडकीच्या आत मावशीचं बाळ होतं. दिवस भरायच्या आधीच आलेलं, मुठीएवढं. उकाडा त्याला सोसायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून त्याचा पाळणा खिडकीला टेकवून ठेवला होता. वारा काय तो तिथेच.

हा मुलांचाच उद्योग, असा मोठ्यांनी मात्र निकाल लावून टाकला होता. शेजारच्या जाड चष्म्याच्या पोराकडे, म्हणजे प्रोफेसरकडे, एक भिंग होतं. खारूताईच्या आईने ते कपाटात टाकलं आणि तिघांना वर जायची बंदी केली. तिसरा इंजिन, खारूताईचा मामेभाऊ. त्याचं तोंड एकदा सुरू झालं की स्टेशन आल्याशिवाय थांबत नसे. भिंत रंगवायला पांढऱ्या रंगाचा डबाही आणून ठेवला होता.

"भिंग कपाटात आहे," खारूताई म्हणाली. "उद्या ओरखडा उमटला, तर तो काय कपाटाने काढला?"

दुसऱ्या दिवशी तिघं अंगणात पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसली. तीन वाजले. भिंतीच्या वरच्या टोकाला एक झगझगीत रेघ आली आणि घोरपडीसारखी हळूहळू खाली सरकू लागली. ती जिथून जाई, तिथून धूर निघे.

मग खारूताईने लांब बांबूला ओला टॉवेल बांधून तो वर रेघेच्या वाटेत धरला. रेघ टॉवेलवर पडली, टॉवेलातून वाफ निघाली, आणि प्रोफेसरने मागे वळून उजेड कुठून येतो ते पाहिलं. अंगणापलीकडे मेणकाकांची मेणबत्त्यांची शेड होती, बसकी, उतरत्या छपराची. मेणबत्त्या उन्हाने वाकू नयेत म्हणून त्यांनी यंदा चकचकीत पत्रे घातले होते. वरून पांढरा रंग द्या, असं फिटरने सांगितलं होतं. पण एवढ्या आरशासारख्या पत्र्याला रंग फासायचा, हे मेणकाकांना पटेना. उलट उरलेलं मेण घेऊन ते रोज सकाळी पत्रा घासत. जेवढी चकाकी तेवढा गारवा, हा त्यांचा हिशोब.

आणि तो पत्रा मधोमध झोळीसारखा खचला होता. खारूताईने शेडच्या झडपेतून डोकावून पाहिलं. उंदरांच्या भीतीने मेणाची पोती मधल्या वाशाला टांगली होती. वासा वाकला, त्याच्याबरोबर पत्राही.

"अख्ख्या छपराचं ऊन एका रेघेत गोळा होतंय," प्रोफेसर हळूच म्हणाला. "आणि सूर्य रोज थोडा सरकतो, म्हणून रेघही सरकते."

मेणकाका हे ऐकून पोट धरून हसले. आईने, आपलं खापर दुसऱ्याच्या माथी मारू नका, म्हणून झापलं. खिडकी अजून नऊ बोटं लांब होती. तीन दिवस हातात आहेत, असं मुलांनी धरलं.

ते चुकलं. सातव्या दिवशी दुपारी खारूताई अंगणात आली आणि तिने आधी शेडकडे पाहिलं. सकाळी नवं मेण आलं होतं, त्याची सहाही पोती एकाच बाजूला टांगली होती. छप्पर तिरकं झालं होतं. आई बाजारात. मावशी रात्रभर बाळाला घेऊन जागलेली, आता आतून कडी लावून झोपलेली. दार बडवलं, हाका मारल्या, पण आत पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येईना.

रेघ खिडकीच्या चौकटीवर उतरली होती. पडद्यातून धूर निघाला.

"तू काकांना दारात अडव," खारूताई इंजिनला म्हणाली. "काय वाटेल ते बोल." मग तिने रंगाचा डबा उचलला. प्रोफेसरने शिडी धरली. वरचा पत्रा तव्यासारखा तापला होता आणि मेणाने शेवाळलेल्या दगडासारखा निसरडा झाला होता. त्याच्यावर पाय ठेवणं म्हणजे खाली पडून डोकं फोडून घेणं. ती शिडीवरूनच वाकली, डोळे मिटले आणि अख्खा डबा उपडा केला. घट्ट रंग ओघळत ओघळत नेमका त्या झोळीत उतरला.

खिडकीतली रेघ विझली.

मेणकाका आरडाओरडा करत धावून आले. आईही बाजारातून आली आणि खारूताईचा कान धरणार, इतक्यात वरचं दार उघडलं. मावशीच्या एका हातात बाळ होतं, दुसऱ्या हातात अर्धा जळालेला पडदा. आईने कानाकडे नेलेला हात खाली घेतला.

मेणकाकांनी त्याच दुपारी स्वतःच्या हातांनी पोती उतरवली. दोन दिवसांनी ते दोन मेणबत्त्या घेऊन आले. चकचकीत पत्र्याखालची म्हाताऱ्यासारखी वाकली होती; पांढऱ्या भागाखालची ताठ होती.

"अक्कल मला हवी होती, निघाली तुमच्याकडे," ते खाली मान घालून म्हणाले. "उरलेलं छप्पर रंगवायला मदत कराल का रे?"

आईने भिंग प्रोफेसरच्या हातात ठेवलं. मग ती वर गेली. खिडकीच्या चौकटीवर सातवा ओरखडा जिथे थांबला होता, तिथपासून पाळण्याच्या कठड्यापर्यंत तिने बोटं टेकवली. तीन बोटं. तिने खारूताईला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

नंतर अख्खी भिंत नव्याने रंगवली. तेवढा एक ओरखडा मात्र आईने कुणाला झाकू दिला नाही.