कुणाच्या घरचं विरजण

जावयाची एक खोड आक्काला लग्न ठरलं तेव्हापासून खटकत होती. विचारावं एक, तर हा सांगणार दुसरं. आणि खोटं बोलायचं असलं, की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार! खरं सांगायला माणसाला जरा आठवावं लागतं. खोटं आधीच शिजवून झाकून ठेवलेलं असतं.

ही गोष्ट मात्र खोटी नाही.

ज्यांना खोटी वाटते, त्यांनी आक्काच्या लेकीची मान बघावी. ती दाखवणार नाही, हा भाग वेगळा.

घडलं ते दिवसाढवळ्या. भुतं रात्रीची निघतात म्हणे. निघत असतील. ह्याला रात्रीपर्यंत दम निघाला नाही.

आक्काच्या घराचं छत दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून ती लेकीकडे येऊन राहिली होती. वरच्या मजल्यावरचं घर, खाली टायरचं दुकान. खिडकी उघडली की रबराचा वास, मिटली की उकाडा. बाहेरच्या खोलीत जावयानं लोखंडी स्टँड लावलं होतं, आणि त्यावर बाकाएवढी लांब काचेची टाकी.

जावयाचा धंदा घरं रिकामी करून देण्याचा. कुणी मेलं, कुणी घर टाकून गेलं, की मागचं सामान उचलायला ह्याला बोलावतात. मेलेल्यांच्या कपाटांवर जगणारा माणूस. आक्का हे तोंडावर म्हणत नसे. जावई म्हटला की जिभेला लगाम लागतो. सैलसा, पण लागतो.

"एवढ्या टाकीत किती मासे?" आक्कानं विचारलं.

"एकच, आक्का. पफर म्हणतात त्याला. दुसरा ठेवला तर फाडून खातो."

"माझी पाच पोरं ह्याहून लहान खोलीत वाढली!"

लेक खळखळून हसली. "अगं आई, त्याला झाडं लागतात लपायला. आणि गोगलगायी लागतात. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. शंख फोडले तरच झिजतात. नाही तर तोंड मिटतं आणि उपाशी मरतो."

"मग बोलावं की त्यानं थोडं. माझे बघ, बोलून बोलून झिजले."

हौस जावयाची, पण राबत होती लेकच. बादलीत वाळू धुतली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. वाळक्या लाकडाचं खोड मोठ्या पातेल्यात उकळलं, त्याचं चहासारखं पाणी फेकलं. खोडावर नेच्याची झाडं काळ्या दोऱ्यानं बांधली. त्यांची मुळं वाळूत पुरायची नसतात, कुजतात. मग पाणी भरलं.

आणि जावयानं पिशवीतून एक ओला, काळपट स्पंज काढला.

"हे काय?" आक्का म्हणाली.

"नवं पाणी माशाला चालत नाही, आक्का. माशाच्या घाणीचं विष होतं. ते विष खाणारे जंतू आधी पाण्यात वाढावे लागतात. त्याला वेळ लागतो. म्हणून जुन्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. विरजणच समजा. पाणी लवकर बसतं."

आक्का शाळेत फार गेली नव्हती. पण विरजण तिला शिकवायचं काम नव्हतं. ज्या घरचं विरजण, त्या घरची चव. दूध कितीही चांगलं असो, बिचारं जातं त्याच वळणावर.

"कुणाच्या घरचं हो हे वि..."

"दुकानातलं!" जावई म्हणाला.

प्रश्न अजून पुरा झाला नव्हता.

पंप सुरू झाला. घर्र... घर्र...

पंपाचा आवाज एकसारखा असतो. हा नव्हता.

घर्र... घर्र... मग काहीच नाही.

मग एकदम घटाघटा. कुणीतरी नको असताना पाणी गिळत असल्यासारखा.

"पंप बिघडलाय," आक्का म्हणाली.

"नवा आहे, आक्का."

"मग कुणी शिकवलाय त्याला हा सूर?"

जावई हसला नाही. लेकीनं पंप काढून धुतला, परत लावला. आवाज तोच. आणि पाणी ढवळं झालं. तांदूळ धुतल्यावर होतं तसं. ते नितळेना.

लेकीनं मूठभर गोगलगायी सोडल्या. माशाला आल्या आल्या खायला हव्यात म्हणून.

सकाळी बघते तर वाळूत एकही नाही...

सगळ्या पाण्याबाहेर. काठाच्या वर, काचेला, एकीवर एक बिलगून. लेकीनं आत ढकलल्या. त्या परत वर आल्या. परत ढकलल्या.

पुढच्या खेपेला त्या काठावरसुद्धा थांबल्या नाहीत.

खाली फरशीवर शंख फुटून पडले होते. मरण पत्करलं, पण त्या पाण्यात राहिल्या नाहीत. आणि गोगलगाय म्हणजे काही घाईनं निर्णय घेणारं जनावर नव्हे.

मग लेकीला एका नेच्यावर केस सापडला.

लांब. हातभर लांब. दोऱ्यासोबत खोडाला गुंडाळलेला, वर गाठ मारलेली. लेकीचे केस मानेवर कापलेले. आक्काचे पांढरे. हा काळाभोर होता.

"दोरा समजून मीच बांधला असेल," लेक म्हणाली.

पण आणला कुठून, ते दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

मासा आला. मुठीएवढा, हिरवट, ठिपक्याठिपक्यांचा. दोन डोळे दोन बाजूंना फिरणारे. आक्काला तो आवडला.

"एक डोळा घरात, एक दारात. संसारी दिसतोय गं!"

त्याला पाण्यात सोडलं, आणि क्षणात तो फुगला. चेंडूसारखा. अंगावर काटे उभे. तसाच मागे सरकत सरकत फिल्टरपासून लांबच्या कोपऱ्यात जाऊन काचेला चिकटला. आणि ते दोन दिशांचे डोळे...

दोन्ही एकाच जागी लागले.

फिल्टरवर.

त्या दिवशी एक झाड सुटून वर तरंगत होतं. ते बांधायला लेकीनं कोपरापर्यंत हात आत घातला. मासा कोपरा सोडून बाणासारखा आला.

कच्च!

आवाज बाहेर ऐकू आला. लेक किंचाळली. हात बाहेर आला तेव्हा मधल्या बोटाचं नख नव्हतं. नखाखालचं मांसही नव्हतं. आतलं पांढरं दिसत होतं.

आक्कानं लुगड्याचा पदर फाडून बोट आवळलं. तरी रक्त थांबेना. आणि जावई? तो टाकीला नाक लावून उभा.

"बघा, बघा!" तो म्हणाला.

रक्त पाण्यात धुरासारखं पसरलं होतं. मग ते पसरायचं थांबलं. एक लाल रेघ झाली. रेघ सरळ फिल्टरकडे गेली... आणि आत ओढली गेली. सगळी. थेंबही राहिला नाही.

आणि ढवळं पाणी काचेसारखं नितळ झालं.

"पाणी बसलं!" जावई म्हणाला.

बायकोच्या बोटाचं हाड उघडं, आणि ह्याला आनंद पाण्याचा! आक्कानं तेव्हाच ठरवलं, हे विरजण कुठलं ते आज शोधायचं.

लेकीचं बोट डॉक्टरकडून शिवून आणलं, तिला निजवलं, आणि आक्का गोगलगायी आणायचं निमित्त करून शोभेच्या माशांच्या दुकानात गेली. रस्ता उतरणीचा, दुकान टोकाला. दुकानदार जाळीनं टाकीतला गाळ काढत होता.

"तुम्ही आमच्या जावयांना, टायरच्या दुकानावर राहतात त्यांना, जुना स्पंज दिलात ना, त्याबद्दल..."

"मी? मी कशाला देईन?" दुकानदार म्हणाला. "दुसऱ्याच्या टाकीचा रोग आपल्या टाकीत येतो. मी कुणालाच देत नाही. ते मला उलट विचारत होते, टाकीचा मालक मेला तर स्पंजातला जीव किती दिवस टिकतो."

"कोण मालक?"

दुकानदारानं जाळी खाली ठेवली.

"तुम्हाला माहीत नाही? त्यांनी ते घर रिकामं केलं की. पफरचीच टाकी होती, मीच लावून दिलेली. त्या माणसानं... बायको झाडं लावत वाकली होती. ह्यानं मागून मान धरली आणि तोंड पाण्यात दाबलं. सुटेपर्यंत... म्हणजे तिचे हात थांबेपर्यंत. मग स्वतः गळफास घेतला. टाकी तशीच चालू होती हो. पंप चालू होता."

आक्कानं पुढचं ऐकलं नाही.

चढण तिच्या गुडघ्यांना कधी झेपत नव्हती. त्या दुपारी झेपली. टायरवाला म्हणाला, "आक्का, सावकाश!" तिनं मान वळवली नाही.

जिन्यात तिला आवाज आला.

घटाघटा... घटाघटा...

दार उघडंच होतं.

लेक टाकीवर वाकली होती. डोकं पाण्यात. खांद्यापर्यंत. पट्टी बांधलेला हात काचेवर आपटत होता, आणि काचेवर लाल ठसे उमटत होते. पाय फरशीवर घसरत होते. तिच्या पाठीमागे...

कुणीच नव्हतं.

पण मानेवरचं मांस दबलं होतं. बोटं नव्हती. बोटांचे खड्डे होते. एका बाजूला चार, एका बाजूला एक.

आक्कानं तिच्या कमरेला मिठी मारून ओढलं. हललीच नाही. वरून पहाड ठेवावा तशी. पाण्यातून लेकीचा चेहरा काचेपलीकडे दिसत होता. डोळे उघडे. त्या डोळ्यांनी आईला पाहिलं.

"जावई!" आक्का ओरडली. "अहो, या! धरा हिला!"

आणि तेव्हा तिला तो दिसला.

स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. डाव्या हातात पाणी काढायची नळी. उजवा हात पुढे, हवेत. मूठ आवळलेली. नसा तट्ट फुगलेल्या.

आणि ती मूठ तो हळूहळू खाली दाबत होता.

तोंडावर काही नव्हतं. राग नाही, लोभ नाही. भिंतीला तरी ओल येते.

आक्कानं विचार केला नाही. स्टँडवर जावयाचा हातोडा होता, तो उचलला आणि दोन्ही हातांनी काचेवर घातला. पहिल्या घावाला चीर गेली. दुसऱ्याला सगळी काच सुटली. पाणी, वाळू, खोड, झाडं, सगळं अंगावर आलं. आक्का पडली. लेक तिच्यावर पडली. काचेचा एक तुकडा लेकीच्या खांद्यात रुतला, दुसरा आक्काच्या तळहातातून आरपार गेला. पाणी लाल होऊन दाराबाहेर वाहिलं, जिन्यानं खाली टायरच्या दुकानापर्यंत.

दारातली मूठ उघडली.

लेकीनं श्वास घेतला. मग ओकली. पाणी... वाळू... मग आणखी काहीतरी. आक्कानं बोट घालून ओढून काढलं. लांब होतं. काळं होतं. ओढता ओढता संपेना.

"काय झालं?" जावई म्हणाला. झोपेतून उठल्यासारखा. "टाकी कशी फुटली?"

फरशीवर मासा पडला होता. फुगलेला, दात वाजवत. कट... कट... कट... आक्कानं त्याला बादलीत घातलं. त्याच्यावर तिचा राग नाही. तिला आजही वाटतं, त्या घरात लेकीला पाण्यापासून हाकलायचा प्रयत्न कुणी केला असेल तर त्या मुक्या जनावरानं. पुढे त्याला दुकानदार घेऊन गेला. मजेत आहे म्हणतो, शंख फोडतो.

फिल्टर उघडून बघितला. रिकामा. स्पंज नव्हता. वाळू चाळली, जिना झाडला, टायरवाल्याच्या दुकानातलं पाणीसुद्धा गाळून बघितलं.

नाही तो नाहीच.

लेक आता आक्काकडे असते. छत झालं, भिंती रंगवून झाल्या. बोट बरं झालं, नख वाकडं आलं. मान वरवर साफ दिसते. पण ती तोंड धुवायला वाकली की... पाच खड्डे उमटतात. चार आणि एक. सरळ झाली की जातात. डॉक्टर म्हणाले, कातडीचा काहीतरी विकार आहे, मलम लावा. आक्कानं मलम फेकून दिलं. ती आता लेकीला वाकूच देत नाही. ओल्या फडक्यानं स्वतः तिचं तोंड पुसते, लहानपणी पुसायची तसं. पुसताना नजर सारखी मागच्या दाराकडे जाते.

मागच्या आठवड्यात जावई न्यायला आला. उंबऱ्याबाहेर उभा. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. लेक आतल्या खोलीत. आक्कानं त्याला बस म्हटलं नाही.

"त्या घरात काय झालं होतं ते माहीत होतं मला, आक्का," तो म्हणाला. ह्या खेपेला बोलायला त्यानं वेळ घेतला होता. "स्पंज चांगला होता, म्हणून आणला. एवढंच. पण त्या दिवशी मी काही केलं नाही. शपथ घेतो. मी तिच्या जवळसुद्धा नव्हतो. तुम्ही स्वतः पाहिलंत."

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. लेक ऐकत होती.

आक्कानं दाराची कडी हातात धरली.

"पाहिलं, जावईबापू. तुम्ही लांब होतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणूनच लेक पाठवत नाही. जवळ असतात, तर तुमचा हात धरला असता मी. लांबून मारणाऱ्याचं काय धरायचं?"