सरासरी पगारावर पाय

कागद उडत आला आणि तिने तो चपलेखाली दाबला. दुसरं काही सुचलंच नाही. वारा असा पिसाटला होता की कॉलेजच्या आवारातली माहितीपत्रकं पाखरांसारखी भिरभिरत होती...

"अहो," मागून कोणीतरी धापा टाकत म्हणालं, "आमच्या सरासरी पगारावर पाय दिलात तुम्ही."

तिने खाली पाहिलं. खरंच की. वर 'सायबर सुरक्षा पदवी', खाली ठळक अक्षरांत सरासरी पगार, आणि त्यावर तिच्या चपलेची नक्षी.

"टिकतो का, ते दाबून बघत होते," ती म्हणाली.

तो हसला. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, अंगात दोन मापं मोठा स्वयंसेवकाचा टी-शर्ट, आणि हसताना एक गाल दुसऱ्यापेक्षा जरासा उशिरा हसणारा.

वर्षापूर्वीची ती असती, तर कागद हातात कोंबून पळाली असती. पण शाळा संपल्यापासून मामाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून तिच्या जिभेला छान धार आली होती. शिवाय आज तिला उत्तर हवंच होतं. ही पदवी तिला जिवापाड हवी होती, आणि तिच्यासाठी काढायच्या कर्जाला जामीन राहणार होते बाबा – बस चालवणारे बाबा, ज्यांनी आजवर साधं पेनसुद्धा उधारीवर आणलं नव्हतं. शुक्रवारी ते सही करणार होते.

"सरासरी नको. माझे बाबा कर्जासाठी सही करणार आहेत, मधला पगार सांगा."

"मधला म्हणजे?"

"मागच्या वर्षी पास झालेल्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं करा. मधोमध जो येईल, त्याला किती मिळतात? एखाद्याला घसघशीत मिळाले असतील, तर सरासरी फुगणारच ना."

त्याने कागदाकडे पाहिलं. मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ.

"गुरुवारी या. विचारून ठेवतो सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"ओळ लावायची म्हणजे सगळे लागणार, हिशेबनीस बाई."

मधल्या दिवसांत तिने एका लाल मोबाईलला काळं झाकण बसवलं आणि काळ्याला लाल. "लक्ष कुठंय तुझं?" मामा ओरडला. "अभ्यासक्रमात," ती म्हणाली. ते अर्धं तरी खरं होतं.

गुरुवारी ती संगणकांच्या खोलीत शिरली, तसा तो ताडकन उठला.

"आलीस तू? म्हणजे... तुम्ही."

"तू चालेल."

"बस हं, पाणी आणतो," म्हणत तो बाहेर पळाला. तो दाराबाहेर पडतो न पडतो, तोच एका चष्मेवालीने त्याच्या लॅपटॉपवर झडप घालून भराभर काहीतरी टाईप केलं.

"अगं, हे काय?"

"वर्गाचा नियम. स्क्रीन बंद न करता कोणी उठलं, की त्याच्या नावाने ग्रुपवर सगळ्यांना कॉफी जाहीर करायची. सुरक्षा शिकतोय ना आम्ही. सगळे सापडून झाले, हा एकटा सोडून. हा शिंक आली तरी आधी स्क्रीन बंद करतो." चष्मेवालीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आज काय झालं बरं याला?"

तिचे कान तापले.

तो परतला, तेव्हा अख्खा वर्ग बाकं बडवत होता. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि ग्लासातलं निम्मं पाणी स्वतःच्या बुटांवर सांडलं.

"जरा बाहेर येतेस?"

खिडकीपाशी त्याचा आवाज बदलला. "ओळ लावली मी. मधल्या माणसाच्या पगारातला तिसरा हिस्सा हप्त्यात जातो. सहा वर्षं. माझाही जाणार आहे. मी तेव्हा हे विचारलंच नव्हतं."

"मग?"

"मग तू आमच्या वर्गात येऊ नकोस. हीच पदवी संध्याकाळीही असते. वर्षभर जास्त लागतं, पण दिवसा कमावता येतं. कर्ज निम्म्यावर येतं. पत्रकात आहे ते, पण तळाशी, बारीक अक्षरांत."

चार दिवस ती मनातल्या मनात त्याच्या शेजारच्या बाकावर बसली होती...

"म्हणजे मी इथे नसलेलीच बरी?"

"वेडी आहेस का? मला तू शेजारीच हवी आहेस." बोलून गेल्यावर तोच दचकला. पण आता मागे फिरणं नव्हतं. "एकदा तर वाटलं, आकडा सांगूच नये. पण तुझे बाबा त्यावर सही करणार... मग रोज तुझ्याकडे बघणार कसा मी?"

वारा खिडकीतून आत आला. तिने केस सावरले नाहीत. एवढा महागडा खरेपणा तिला आजवर कोणी दिला नव्हता.

"तुझा वर्ग सुटतो कधी?"

"पाचला."

"आणि संध्याकाळचा?"

"साडेपाचला भरतो."

"म्हणजे रोज अर्धा तास. मामाला सांगून थोडी लवकर निघाले, तर पूर्ण मिळेल."

आता त्याचे कान लाल झाले. ते तिला फार आवडलं. तिने त्याच्या करंगळीत हळूच आपली करंगळी अडकवली.

"बाबांना काय सांगशील?" त्याने विचारलं.

"कर्ज निम्मं झालं म्हणून."

"आणि माझ्याबद्दल?"

"ते तू येऊन सांग. फक्त तुझ्या हप्त्यांचा विषय अगदी शेवटी काढ. आधी त्यांचा चहा पिऊन होऊ दे."