पितळी नळ काळा कसा पडला?

"नाही, नाही आणि नाही! लिंबाने आणि खाण्याच्या सोड्याने माणूस मरणाच्या दारात जात नाही!" हादियाने जिन्याच्या कठड्यावर मूठ आपटली.

"पण नंदकिशोरकाका सगळ्या सोसायटीला तेच सांगत सुटलेत," तिची मैत्रीण ऋता म्हणाली. "सेक्रेटरी बोलले की संपलंच!"

हादियाच्या डोळ्यांत पाणी तरारले. दिवाळीची सुटी लागताच तिने आणि तिच्या धाकट्या भावाने, तौहीदने, नेरूळच्या आपल्या घरातील बाथरूम उजळण्याचा विडा उचलला होता. फरशांच्या काळवंडलेल्या सांध्यांवर सोड्याचा लेप, वर लिंबाचा रस आणि जुन्या टूथब्रशने घासाघीस! निम्मे काम झाले होते. काल दुपारी दोघे खेळून परतले, तो त्यांची अम्मी, रहिमा, बाथरूमच्या उंबऱ्यात कोसळलेली! ओठ निळे, तोंडाला रक्ताळलेला फेस! आता ती वाशीच्या इस्पितळात होती. तिला बोलता येत नव्हते; आणि छातीत नेमके काय गेले हे कळल्यावाचून उपचार चाचपडतच करावे लागतील, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"रडून काय होणार, आपा? पुन्हा बघू या," तौहीद म्हणाला.

तिघे बाथरूममध्ये शिरले आणि हादिया थबकली. "आपण निम्मेच सांधे घासले होते. हे तर सगळेच पांढरे झालेत!"

"आणि हा नळ बघ!" ऋता ओरडली. पितळी नळ काळाठिक्कर पडला होता.

"लिंबाने पितळ लखलखतं!" हादिया म्हणाली. "इथे कुणीतरी दुसरंच काही ओतलंय. आणि हा वास? टाकी धुतात तेव्हा येतो तोच!"

"ब्लीचिंग पावडर! ती तर काकांच्या कुलपात असते," ऋताचे डोळे विस्फारले. "आणि काकांनीच दिवाळीच्या सफाईला आणलेला तो गोटीराम घरोघर फिरतोय. तुमच्याकडे आलोच नव्हतो म्हणतो. आज दुपारी आमच्याकडे येणार आहे!"

ऋताचे आईवडील कचेरीत होते. ठरले असे, की ऋता आणि तौहीद यांनी घरात राहून गोटीरामवर नजर ठेवायची, आणि हादियाने दाराबाहेर थांबून वेळ येताच मोठ्यांना हाक मारायची.

गोटीराम आला. दांडगा गडी, एका हातात कॅन, दुसऱ्या हातात मोरीची जाळी उचकटायची पहार. बाथरूमभर खिशातल्या पुडीतली पांढरी पावडर भुरभुरून त्याने कॅनचे झाकण उघडले. किलकिल्या दारातून हादिया श्वास रोखून पाहत होती.

"काय आहे हो त्यात?" ऋताने विचारले.

"घरगुती औषध. लिंबू आणि रिठा."

"मग त्यात हात बुडवून दाखवा!" तौहीद म्हणाला.

"ए, शहाणपणा नको!"

"आमच्या अम्मीकडेही हेच ओतलंत ना?"

फाडकन तोंडात बसली! तौहीदचे डोके भिंतीवर आदळले, नाकातून रक्ताची धार लागली. ऋताने गोटीरामच्या मनगटाचा कडाडून चावा घेतला. त्याने तिला वेणीला धरून फरफटवले आणि दोघांना बाथरूममध्ये भिरकावले. झटापटीत कॅन पावडरीवर कलंडला. फस्स्! हिरवट पिवळा धूर उसळला. गोटीरामने बाहेरून कडी घातली आणि तो घराच्या दाराकडे धावला.

हादियाने घराचे दार ओढून घेतले आणि तिनेही बाहेरून कडी घातली!

"उघड! नाहीतर तुझं डोकं फोडीन!" पहारीचा घाव बसला. फळी तडकली.

"वाचवा! धावा!" हादियाने टाहो फोडला. आतून तौहीदची घुसमटलेली हाक आली, "आपा!"

तिचे काळीज फाटले. पण उघडले तर हा आपल्यालाही आडवे करील, मग आतल्या दोघांची कडी कोण काढणार? दणक्यांनी तळहात सोलून निघाला, तरी तिने कडी सोडली नाही.

"आधी बाथरूमची कडी काढ! धूर तुझ्याही छातीत शिरतोय! त्यांना सोडलंस तरच तू सुटशील!"

दुसरा घाव. तिसरा. मग खोकला, जीवघेणा खोकला! अखेर आत कडी खळखळली.

"आपा, आम्ही बाहेर आलो!" फुटक्या फळीतून तौहीद ओरडला.

एव्हाना नंदकिशोरकाका धावत वर आले होते. "हादिया, काय चाललंय हे?"

तिने कडी काढली. गोटीराम पिसाळल्यासारखा बाहेर आला. पहारीने काकांच्या खांद्याचे हाड मोडले. तोच तौहीदने मागून गोटीरामच्या पायांना मिठी मारली आणि तो दांडगा देह जिन्यावरून गडगडत खाली आपटला. शेजाऱ्यांनी त्याच्या छातीवर गुडघे रोवले.

"ऋता, पाय गॅलरीतल्या नळाखाली धर! भरपूर पाणी सोड!" हादियाने खिडक्या सताड उघडल्या. ऋताची पोटरी ॲसिडने भाजली होती.

गोटीरामच्या तोंडातून रक्त ठिबकत होते. "तुर्भ्याच्या कारखान्यातलं ॲसिड आहे. दोन्ही मिसळलं तर दुप्पट पांढरं होईल, असं वाटलं. बाई पडली आणि मी पळालो. थोडं कमी ओतलं तर चालेल, असं समजलो. पावडर तर साहेबांनीच दिली!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "टाकीची उरलेली होती. कशाला हवी, हे मी विचारलंच नाही."

हादिया तोवर फोनकडे धावली होती. "डॉक्टर, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर! अम्मीच्या छातीत तोच धूर गेलाय!"

दिवाळीच्या तोंडावर रहिमाला बोलता येऊ लागले. "नेमकं कारण या मुलांनी वेळेवर कळवलं," डॉक्टर म्हणाले, "म्हणून आम्हाला योग्य दिशा सापडली. शाबास!"

हात गळ्यात बांधलेले काका सर्वांसमोर म्हणाले, "पोरी, चूक माझी, आणि आळ मात्र तुझ्यावर घेतला. मला माफ कर."

रहिमाने हादियाला जवळ बोलावले. आवाज घोगरा होता. "भाऊ आत गुदमरत होता, तरी तू कडी धरून ठेवलीस?"

हादियाने मान खाली घातली. "हो, अम्मी."

रहिमाने तिचा सोललेला तळहात छातीशी धरला.

"मीही तेच केलं असतं. पण माझा हात इतका खंबीर राहिला असता की नाही, कोण जाणे!"