सादृश्यमापकाची नजर

हेमलता रिसबूड प्रयोगशाळेत शिरल्या त्याच मुळी कपाळाला आठ्या घालून. दिवे आजही पिवळट होते. कंत्राटदाराने स्वस्तातला माल गळ्यात मारला असणार, असं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. लिपिनाम मंडळाच्या मुख्य परीक्षक म्हणून अठरा वर्षं काढल्यावर संशय हा त्यांच्या अंगवळणीच पडला होता.

"सादृश्यमापकाने 'वाराखबर' दुसऱ्यांदा नाकारलं," निनाद घोरपडे म्हणाला. ते यंत्र त्यानेच बांधलं होतं. "म्हणे, 'चाराखबर' नावाचं संकेतस्थळ आधीपासून आहे, हे हुबेहूब तसंच दिसतं."

इंटरनेटवर देवनागरीतलं कुठलंही नाव या यंत्राच्या नजरेखालून गेल्याशिवाय मिळत नसे. दोन नावं एकसारखी दिसली की माणसं भलत्याच दारात जातात आणि फसतात, म्हणून ही चाळणी. तिसऱ्यांदा नकार आला की नाव कायमचं बंद. आज तिसरी सुनावणी होती.

अर्जदार काशिनाथ चोगले समोरच बसले होते. हर्णैच्या मच्छीमार सोसायटीला वादळाचे इशारे देण्यासाठी ते नाव हवं होतं.

"आमच्या होड्या चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलांना इंग्रजी येत नाय, बाई," ते म्हणाले. "गेल्या साली भलत्याच पानावर 'दर्या शांत' वाचून दोन होड्या गेल्या. पाच माणसं परत आली नाहीत."

हेमलताबाई निनादकडे वळल्या. दोन वर्षांत नकार तिपटीने वाढले होते. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि निनाद त्यांची नजर चुकवत होता.

"कोणाचे पैसे खाल्लेस?" त्यांनी सरळच विचारलं. "यंत्राला हे कोणी शिकवलं?"

"आधी पाचशे वाचकांनी. अर्धा सेकंद दोन नावं दाखवायची, सारखी वाटली का विचारायचं. पण वाचकांत मतभेद झाला तर मुख्य परीक्षकांचा निर्णय अखेरचा, आणि यंत्राने रोज त्याच निर्णयावरून शिकायचं. नियम तुमचाच आहे, बाई."

"मग?"

"वाचकांची दृष्टी दरवर्षी तपासतो आपण. मुख्य परीक्षकांची तपासायची, असं नियमात नाही."

"माझ्यावर ढकलतोस?"

निनादने पडद्यावर दोन नावं झळकवली. हेमलताबाईंना दोन्हीकडे एकच नाव दिसलं. याने बनाव केलाय, अशी त्यांची खात्री पटली.

"चोगले, तुम्ही वाचा."

"एक 'वाराखबर', एक 'चाराखबर'," चोगले सहज म्हणाले.

हेमलताबाई खाली बसल्या. दिवे, पडदे, छपाई... दोन वर्षं त्या सगळ्या जगाला दोष देत होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र गेल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरली होती, आणि यंत्र इमानेइतबारे त्याच डोळ्यांनी बघायला शिकलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

"माझे दोन वर्षांतले सगळे निर्णय रद्द," त्या शेवटी म्हणाल्या. "वाराखबरपासून सुरुवात कर. आदेश आण."

निनादने कागद पुढे ठेवला. पेन हातात घेऊन त्या बराच वेळ त्यावर वाकून राहिल्या. चोगल्यांनी आपलं खरखरीत बोट सहीच्या रेघेवर टेकवलं.

"इथं, बाई."

वर काय लिहिलंय हे न विचारता त्यांनी त्या बोटाशेजारी सही केली.