अकरा नंबरचं मशीन

खंडेनवमीच्या सकाळी मी अकरा नंबरच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला, "बंद केलं का?"

त्या आवाजात असा धसका होता की माझं कुंकवाचं बोट स्क्रीनवरच घसरलं. दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, दुसऱ्या हातात झेंडूची माळ.

"आज खंडेनवमी," मी म्हटलं. "पूजा झालेल्या मशीनला हात लावायचा नसतो. शेखर सरांनी सगळी बंद ठेवायला सांगितलीत."

"हात कुठं लावायचाय... त्याचं ते चालतं."

गंगापूर रोडच्या या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी लागून आठवडाच झाला होता. मशीन दुरुस्तीला लासलगावचा गोरक्ष येतो, एवढं सरांनी सांगितलं होतं. तो वेडा आहे, हे सांगायचं बहुतेक राहून गेलं.

तो शेजारची खुर्ची ओढून बसला आणि समजावू लागला. औषध शोधायचं तर शास्त्रज्ञांना अवाढव्य आकडेमोड करावी लागते. ते तिचे छोटे छोटे तुकडे करून जगभर वाटतात. ज्याचा कॉम्प्युटर रिकामा असेल, त्यानं एक तुकडा सोडवून उत्तर परत पाठवायचं. सरांना विचारून त्यानं तसा प्रोग्रॅम अकरा नंबरवर टाकला होता.

"चार तासांचं काम उरलंय, आणि मुदत आजचीच," तो म्हणाला.

"नाही पोचलं तर?"

"काही नाही. तोच तुकडा दुसऱ्या कुणाला देतील. ब्राझीलला... नाहीतर फिनलंडला."

"मग जाऊ दे की फिनलंडला."

तो हसला. मान खाली घालून हसायची त्याची ती पद्धत मला उगाचच आवडली. "घेतलेलं काम मला अर्धवट टाकवत नाही, मॅडम."

"पण औषध कसलं?"

"टीबीचं."

मी कुंकवाची कोयरी खाली ठेवली.

दीड वर्ष मी टीबीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. साध्या औषधांना दाद न देणारा टीबी. पूर्ण बरी होऊन दोन वर्षं झाली होती. तरी मालेगावच्या स्थळानं, साखरपुडा आठ दिवसांवर आलेला असताना, नकार कळवला. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. "नव्या नोकरीत कुणाला बोलू नकोस," आईनं बजावलं होतं.

मी उठले आणि अकरा नंबरचं बटण दाबलं.

"अहो, हात..."

"माझा लागला. पाप मला लागेल."

स्क्रीनवर रंगीत मण्यांचा एक गुंता गरगर फिरू लागला. हा जंतूचा एक भाग, गोरक्ष बोट दाखवत म्हणाला, आणि हा औषधाचा कण. तो इथं नीट बसतो का, ते मशीन तपासतंय. असे लाखो कण तपासायचे असतात.

मी बघतच राहिले. ज्या आजाराबद्दल आम्ही खिडक्या लावून बोलायचो, त्याच्याशी फिनलंडमधली कुणी बाई, ब्राझीलमधला कुणी मास्तर घरबसल्या झुंजत होते. मला न ओळखता, आणि कसलाही गाजावाजा न करता. माझ्या अंगावर काटा आला. एवढी माणसं आपल्या बाजूनं उभी असतात आणि आपल्याला पत्ताच नसतो.

दुपारी सव्वादोनला उत्तर गेलं. आम्ही दोघांनी प्रसादाचे पेढे वाटून खाल्ले.

त्यानंतर गोरक्षच्या फेऱ्या वाढल्या.

"कीबोर्ड बिघडलाय का?" तो दारातूनच विचारायचा.

"नाही."

"मग... थोडा बिघडवा ना."

मॅडमची हर्षाली झाले, तुम्हीचा तू झाला. डिसेंबरातल्या एका दुपारी क्लास रिकामा होता. तो केबल गुंडाळत बसला होता. वर न बघता म्हणाला, "रविवारी आईला घेऊन येऊ? तुमच्या घरी?"

हेच ऐकायचं होतं मला, आणि याचीच भीती होती. गप्प बसले असते तर तो रविवार माझा होता. पण लपवून मिळालेलं सुख मी किती दिवस जपणार?

मी सांगितलं. गोळ्या, दीड वर्ष, मालेगाव... सगळं.

केबल त्याच्या हातात तशीच राहिली. झालं, मी मनात म्हटलं, हाही गेला.

"कुठल्या महिन्यात सुरू झाल्या गोळ्या?" त्यानं विचारलं.

मी महिना सांगितला. घरच्या कॉम्प्युटरवरही त्यानं तोच प्रोग्रॅम टाकला होता; त्यानं केलेल्या टीबीच्या कामाची यादी त्यानं मोबाइलवर उघडली. माझ्या दीड वर्षातला एकही महिना रिकामा नव्हता.

"त्यातून माझं औषध निघालं?"

"नाही गं. त्याला अजून कितीतरी वर्षं लागतील. तू डॉक्टरांच्या गोळ्यांनी आणि तुझ्या जिद्दीनं बरी झालीस." त्यानं मोबाइल बाजूला ठेवला. "मित्र हसायचे मला, कुणासाठी मशीन तापवतोस म्हणून. कुणासाठी ते दाखवायला माझ्याकडे एकही चेहरा नव्हता... आज मिळाला. मला तू हवीयेस, हर्षाली. आईला मी हळूच सांगतो."

"हळूच नको," मी म्हटलं. "फोन लाव. मी बोलते."

माझं सगळं, आम्ही घरात खिडक्या लावून बोलायचो तेसुद्धा, सांगून होईपर्यंत पलीकडून त्याची आई नुसती 'हं' करत होती. मग म्हणाली, "गोळ्या पुऱ्या केल्या का, बाई?"

"सगळ्या."

"एकबी चुकवली नाय?"

"एकही नाही."

"मंग भ्यायचं कशाला? आमच्या गोरक्षला खोकल्याचं औषध तीन दिवस घेववत नाय. येतो आम्ही रविवारी. आणि तुझ्या आईला म्हणावं, खिडक्या-दारं उघडी ठेवून बोलू."

फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. पहिल्यांदाच ते कुणापासून लपवावंसं वाटलं नाही.