सातव्यांदा कॅमेरा बघताना

अरेती त्या दुकानात पहिल्यांदा शिरली ती निव्वळ वाऱ्यापासून वाचायला. थेसालोनिकीत वर्दारी वारा सुटला की माणूस मिळेल त्या दारात घुसतो. काउंटरमागे स्ताथिस उभा होता... आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून ती बोलून गेली, "नवशिक्याला झेपेल असा कॅमेरा दाखवता?"

त्याला तीन आठवडे झाले. आज ती सातव्यांदा आली होती. उद्या बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा. फोटो मीच काढणार, असं ती घरभर सांगून बसलेली. आज शनिवार, म्हणजे दुकान अडीचला बंद, ते थेट सोमवारी उघडणार. कॅमेरा आज घ्यायलाच हवा. आणि एकदा घेतला, की इथे यायचं कारणच संपलं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"मग, ठरलं का?" स्ताथिसने दोन्ही कॅमेरे आधीच मांडून ठेवले होते.

"कसं ठरणार? मंगळवारी म्हणालात, पहिला हातात छान बसतो. गुरुवारी म्हणालात, चर्चच्या अंधारात दुसराच बरा!"

"मग दोन्हींचे फोटो शेजारी-शेजारी लावून बघू. तुमचं मेमरी कार्ड द्या."

दर खेपेला ती दोन्ही कॅमेऱ्यांत स्वतःचं कार्ड घालून फोटो काढायची आणि घरी जाऊन बघत बसायची. तिने कार्ड दिलं. ते कॉम्प्युटरमध्ये सरकलं मात्र, तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"नको! परत द्या ते—"

पण उशीर झाला होता. पडद्यावर भिंग पुसणारा स्ताथिस. दुसऱ्या कॅमेऱ्यातूनही भिंग पुसणारा स्ताथिस. फोनवर बोलणारा स्ताथिस, हसणारा स्ताथिस, ओठांना तीळ चिकटलेला, कुलुरीचा तिळाचा गोल पाव खाणारा स्ताथिस...

"एकच गोष्ट दोन्हींनी टिपायची, असं... तुम्हीच सांगितलं होतं," ती पुटपुटली.

"मी खिडकीतल्या कुंडीबद्दल बोललो होतो."

तो पडद्यावरचे फोटो पुढे सरकवत राहिला. त्याचे कान मात्र लालबुंद झाले होते. धरणीने पोटात घ्यावं, असं अरेतीला वाटलं. हसतोय का हा? की रागावलाय?

आतून मालकीण देस्पिनाबाई ओरडल्या, "स्ताथिस, अडीच वाजले! दार लाव रे!"

"दोन्ही सारखेच आहेत," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"कॅमेरे. कुठलाही घे, बाळाचे फोटो छानच येतील. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं मला."

"मग तीन आठवडे मला झुलवत का ठेवलंस?"

"सांगितलं असतं तर... तू घेऊन गेली असतीस."

अरेतीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. इतके दिवस ती एकटीच घाबरत नव्हती तर! तिने हाताला लागला तो कॅमेरा पुढे सरकवला.

"हाच बांध. आणि उद्या अकराला चर्चमध्ये ये. मला अजून धड वापरता येत नाही तो."

"तुझ्या घरचे विचारतील, हा कोण म्हणून."

"सांगेन... कॅमेऱ्यावर फुकट मिळाला."