सिनेमातला शेवट

पुस्तक चांगलं की सिनेमा, यावरून तुमची मघापासून जुंपली आहे. हाच वाद माझ्या एका मित्राला कसा भोवला, ते ऐका. आणि तो मोबाईल ठेव रे खाली.

हा मित्र एका जुन्या थिएटरात ऑपरेटर. पडद्यावर सिनेमा सोडायचं काम, तेही अजून रिळांच्या मशीनवर. बायको गेल्यापासून आठ वर्षांची लेक कायम त्याच्याबरोबर. रविवारी फिल्म क्लबासाठी एक जुना भुताचा सिनेमा लागायचा होता. तो ज्या कादंबरीवरून काढला, ती याची तोंडपाठ. म्हणून दोन्हींतला फरक दहा मिनिटं सांगायचं काम क्लबवाल्यांनी याच्याच गळ्यात मारलं. गुरुवारी शेवटचा खेळ सुटल्यावर तो रिळं तपासायला थांबला. पोर वर मशीनच्या केबिनमध्येच, त्याच्या पाठीमागे गादीवर झोपलेली.

"पण काका, फरक काय होता?"

शेवटाचा. एक लहान मुलगी रात्री कुणाची तरी हाक ऐकून घराबाहेर जाते. सिनेमात ती परत येते. कादंबरीत येत नाही. आमचा ऑपरेटर कट्टर कादंबरीवाला. मला म्हणायचा, "सिनेमावाल्यांनी कच खाल्ली. ती मुलगी परत येताच कामा नये!" स्वतःची पोर शेजारी बसलेली असताना म्हणायचा, शहाणा. मला तेव्हाही ते आवडलं नव्हतं.

बारा वाजायला वीस मिनिटं होती. भाषणात किती वेळ जाईल ते बघावं म्हणून त्यानं कादंबरीचं शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. मुलगी परतली नाही, इथपर्यंत. पुस्तक मिटलं. मागे वळला.

गादी रिकामी.

हाका मारत तो जिना उतरला. संडासात नाही. खुर्च्यांच्या रांगांत नाही. बाहेरच्या दारांना आतून कुलपं, आणि किल्ल्या याच्याच कमरेला. हाक मारली... पुन्हा मारली... थिएटर रिकामं असलं की आवाज घुमतो ना? त्या रात्री घुमत नव्हता.

मग त्याला काय सुचलं कोण जाणे. धावत वर आला. शेवटचं रीळ मशीनवर चढवलं. घाईत रीळ उलट्या बाजूनं बसलं. असं झालं की चित्रात डाव्याचं उजवं होतं. चूक त्याला दिसली. पण मशीन थांबवायची छाती झाली नाही.

"ये गं बाई," तो पडद्याकडे बघून रडत होता. "चुकलो मी. घरी ये."

पडद्यावर दार उघडलं. मुलगी आत आली.

रीळ संपलं.

"बाबा..." मागून आवाज. "थंडी वाजतेय."

गादीवर बसली होती.

रविवारी तो भाषणाला उभा राहिला. "सिनेमाचा शेवट बरोबर आहे," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. लोक हसले. मला हसू आलं नाही. सकाळीच तो लेकीला घेऊन माझ्याकडे आला होता. म्हणाला, "हिच्याकडे नीट बघ."

मी बघितलं. तीन वर्षांची असताना पोर पायरीवरून पडली होती, भुवईला चार टाके पडले होते. त्यांची खूण होती. उजव्या भुवईवर.

टाके घालताना तिचं डोकं मीच धरलं होतं, पोरांनो...

डावी भुवई होती.